उजव्या बाजूचा कोनाडा

लालबाग,
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा (स्वतः केलेला, म्हणून अर्धाच प्यायलेला)

ती. हितेंद्रदादा यांच्या पायांशी अप्पाचा दंडवत पोचावा.

माणसाने माणसापुढे वाकू नये, असं मी आयुष्यभर युनियनच्या गेटसभांमधून ओरडून सांगत आलो. पण तुम्ही सुभद्रेचे थोरले भाऊ आणि सुभद्रा सध्या तुमच्या घरी, तेव्हा या पत्रापुरता वाकतो. तुमच्या गुडघ्याचं काय ठरलं? डॉक्टर कापा म्हणतात म्हणून लगेच कापून घेऊ नका, आधी दुसऱ्याला विचारा. (आणि दुसराही कापाच म्हणाला तर मला बोलवा, मी दोघांशी बोलतो.) वहिनींचा रक्तदाब उतरला असेल अशी आशा आहे. चि. राजसला नोकरीत कायम केलं का? नसेल केलं तर त्याच्या कंपनीचा पत्ता कळवा. माझी प्रकृती उत्तम. स्वयंपाकही जमतो आहे. डाळ उत्तम होते आणि भातही उत्तम होतो, फक्त दोन्ही एकाच दिवशी होत नाहीत.

लालबागहून माहीमला टॅक्सीने जायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ हे पत्र लिहायला लागणार आहे, हे मला कळतं. मग फोन का करत नाही, असं तुम्ही म्हणाल. कारण, दादा, माझ्या घराच्या चारही भिंती काँक्रीटच्या आहेत आणि आत फोनला रेंज येत नाही. बोलायचं तर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागतं. परवा तसं वाकून मी सुभद्रेला फोन लावला. तिने उचलला नाही. मी मात्र ती उचलेल या भरवशावर मोठ्याने दोन वाक्यं बोलून गेलो, आणि ती खाली फुलवाल्याने, समोरच्या इस्त्रीवाल्याने आणि बसस्टॉपवरच्या समस्त जनतेने ऐकली. आता मी फुलं घ्यायला गेलो की फुलवाला विचारतो, "वैनी आल्या का हो, अप्पा?" त्यापेक्षा पत्र बरं. पाकीट चिकटवता येतं.

सुभद्रेने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. बहुधा काहीच सांगितलं नसेल, आणि ते जास्त वाईट. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमची मोरेश्वर चाळ पाडायची ठरली तेव्हा बिल्डरांची रांग लागली होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. एकाने आम्हाला स्विमिंग पूल दाखवला. मी उभा राहिलो आणि विचारलं, "ज्यांनी सकाळी नळावरच्या पाण्यासाठी जन्मभर नंबर लावले, त्यांना तुम्ही पोहायला शिकवणार?" (टाळ्या.) त्या दिवशी मी जे बोललो त्याचा सारांश असा, की ज्यांच्या बापांनी या भागातल्या गिरण्या चालवल्या, त्यांना स्वतःचं घर स्वतः बांधता येत नाही असं म्हणणं हा त्या बापांचा अपमान आहे. चाळीने एकमुखाने ठरवलं, बिल्डर नको. आपली सोसायटी, आपला कंत्राटदार, आपली इमारत. अध्यक्ष मी, सचिव अवधूत. (तो तुम्हाला आठवेल, आमच्या लग्नात ज्याने जिलब्यांवर पहारा ठेवला होता तो.) सर्वांनी वडाळ्याला भाड्याच्या खोल्या घेतल्या आणि मी वाचनालयातून सिमेंटवरची पुस्तकं आणली.

दादा, तुम्ही काँक्रीटबद्दल काही वाचलंय का? वाचा. रोमन लोकांनी समुद्रात ओतलेलं काँक्रीट आजही लाटा खातंय. आणि आपण काय केलं? आपली जुनी चाळ आठवा. माझ्या खोलीत मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर पलीकडच्या बिऱ्हाडात त्याला टॉवेल वाळत घालत. नवरा-बायकोचं भांडण पाच खोल्यांत ऐकू जाई आणि सहाव्या खोलीतून निकाल येई. म्हणून मी सभेत सांगितलं, की विटेची भिंत ही तडजोड आहे, आता भिंत हवी ती काँक्रीटची, सबंध, एकजीव, आमच्या एकजुटीसारखी! हल्ली तशी पद्धत आहेच. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करतात आणि एका मजल्याच्या सगळ्या भिंती एकदम ओततात. आठवड्याने तेच साचे वरच्या मजल्यावर. यात गोम अशी, की जे काही हवं ते ओतण्याआधी ठरवायचं. बटणाचा डबा, नळाची वाट, सगळं आधी. कारण भिंत एकदा झाली की तिला छिन्नी लावायची नाही. प्रत्येक भिंत इमारतीचा भार पेलते. मी त्याच सभेत नियम मंजूर करून घेतला की भिंतीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. "खिळा हा भिंतीचा अपमान आहे," असं मी म्हणालो. (वाक्य चांगलं होतं. पुढे ते माझ्याच अंगावर आलं, ते येईलच ओघात.)

आता सुभद्रेकडे येतो. इतकी वर्षं घर घर म्हणून मी रान उठवलं, पण तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघराच्या भिंतीत देवांसाठी एक कोनाडा. वर कमान, कमानीवर कमळ, आत छोट्या दिव्यासाठी एक पॉइंट. देवांबद्दलची माझी मतं तुम्हाला लग्नाच्या मांडवापासून ठाऊक आहेत. (मंगलाष्टकांच्या जागी मी दोन शब्द बोलणार होतो आणि तुम्ही माझा हात धरून मला गप्प उभं केलंत. त्याचा राग आता गेला.) पण मत माझं, देव तिचे. ती फोडणी देतादेता देवांशी बोलते. जे माझ्याशी बोलायचं राहून जातं ते त्यांच्याशी बोलते, आणि सभांमुळे ते पुष्कळ साठतं. कोनाडा द्यायचा, हे मी ठरवलं.

पण अध्यक्षाच्याच बायकोला कोनाडा, आणि बाकीच्यांच्या बायकांनी काय करायचं? मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी मार्ग सापडला. कोनाडा सगळ्यांना! साचे तेच, मजले चौदा, सुताराकडून कमानीची एक लाकडी पेटी करून साच्यात बसवली की तेवढी जागा भिंतीत रिकामी राहते. घरोघरी कोनाडा. समतेचा याहून सुंदर ठराव आजवर झालेला नसेल.

पहिल्या मजल्याचं काँक्रीट ओतायचं त्या दिवशी मी कामगारांसमोर चार शब्द बोलत होतो. विषय श्रमाची प्रतिष्ठा. साइट इंजिनिअर निलेश हा पोरगा गुणी, पण त्याला वक्तृत्वाची आवड नाही. तो दोनदा कानाशी येऊन "सर, माल सेट होतोय" म्हणाला, मी दोनदा "आलोच" म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "सर, ती पेटी ए विंगला भिंतीच्या उजव्या बाजूला लावलीय. बी विंगला डावीकडे घेऊ ना?"

दादा, ज्या माणसाने हयात भेदभावाविरुद्ध काढली, त्याला भर भाषणात असा प्रश्न विचारावा का? मी कडाडलो, "का? ए विंगला उजवी बाजू आणि बी विंगला डावी? बी विंगच्या लोकांनी काय पाप केलंय? दोन्हीकडे उजवीकडेच लागेल!" कामगारांनी टाळ्या वाजवल्या. निलेश "ठीक आहे सर" म्हणाला आणि काँक्रीटचा माल साच्यात सुटला.

आता तुमचे दोन्ही तळहात समोर धरा. उजव्याचा अंगठा एकीकडे, डाव्याचा दुसरीकडे, तशी आमची इमारत आहे. मधे लिफ्ट, आणि बी विंग म्हणजे आरशात पाहिलेली ए विंग. कोनाड्याची भिंत ही स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधली. ए विंगमध्ये त्या भिंतीच्या उजवीकडे स्वयंपाकघर येतं. बी विंगमध्ये उजवीकडे काय येतं, ते तुम्हाला कळलं असेलच. मला ते चौदा मजले होऊन फरश्या बसायला लागल्यावर कळलं. तोवर मी पाहणीला नेहमी ए विंगच्या जिन्याने जायचो, कारण तिकडे कठडा आधी लागला होता. बी विंगच्या चौदा मजल्यांवर, प्रत्येक बाथरूममध्ये, शॉवरच्या शेजारी, छातीच्या उंचीवर, वर कमान, कमानीवर कमळ आणि आत दिव्याची सोय असलेला देखणा कोनाडा! निलेशला धरलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, मला वाटलं शांपूसाठी आहे."

हे मी सुभद्रेला सांगितलं नाही. घर कुठल्या विंगमध्ये येईल ते ठरायचं होतं, आणि घरवाटप चिठ्ठ्यांनी होणार होतं. (तोही ठराव माझाच. चिठ्ठीत येईल ते घर कायम, बदल नाही, अध्यक्षालाही नाही.) आमची चिठ्ठी सुभद्रेने स्वतःच्या हाताने उचलली. बी विंग, सहावा मजला. ती खूश होऊन म्हणाली, "पूर्वेचा उजेड येईल हो देवांवर." उजेड येतो. गीझरवर येतो.

चावीवाटपाच्या दिवशी तिने घर पाहिलं. स्वयंपाकघरात गेली, चारही भिंतींवरून हात फिरवला, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी काही बोलणार एवढ्यात खालून समारंभाचं बोलावणं आलं. मनात म्हटलं, समारंभानंतर शांतपणे समजावू. पण समारंभात अवधूतने माईक घेतला आणि काय सांगू, दादा! म्हणाला, "ज्या चाळीत साबण ठेवायला जागा नव्हती, साबण तोंडात धरून आंघोळ करायची वेळ होती, तिथे ज्याने बी विंगच्या प्रत्येक बाथरूममध्ये कमानीचा कोनाडा दिला, दिवा दिला, त्या द्रष्ट्या अप्पांचा आपण सत्कार करतोय!" बी विंगच्या बायका उठून उभ्या राहिल्या. शाल आली. श्रीफळ आलं. मग माईक माझ्या हातात आला.

दादा, माईक हातात आला की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी स्नानाच्या प्रतिष्ठेवर बोललो. मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. श्रीमंताच्या टबापर्यंत आलो आणि म्हणालो की देव कोपऱ्यात बसला तरी चालेल, पण कष्टकऱ्याचा साबण सन्मानाने बसला पाहिजे! टाळ्या थांबेनात. माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. सुभद्रा टाळ्या वाजवत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तिथेही सावरलं असतं. कारण चहाच्या वेळी दर्शनाबाई आल्या, ए विंग, सहावा मजला, म्हणजे बरोबर आमच्या समोरचं दार. त्या म्हणाल्या, "अप्पा, माझ्याकडे देवबिव नाहीत, एकटी बाई मी. तुमचा तो बाथरूमचा कोनाडा मला भारी आवडलाय. करा ना अदलाबदल! वैनींना किचनमधला मिळेल." सुभद्रेने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, हातात अजून श्रीफळ असताना, म्हणालो, "दर्शनाबाई, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. अध्यक्षाने नियम मोडला तर उद्या कोण पाळेल?" पुन्हा टाळ्या.

सुभद्रा शांतपणे घरी गेली. देव पुरणपोळीच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळले, मला म्हणाली, "देव बाथरूममध्ये बसणार नाहीत आणि मी तुमच्या भाषणात बसणार नाही. दादाकडे जाते." टॅक्सीत बसताना एवढंच पुढे म्हणाली, "तुमच्या आंघोळीला जपा. प्रतिष्ठा आहे तिला." मी भल्याभल्या मॅनेजरांना वाक्यात पकडलं आहे. या वाक्यात मीच पकडला गेलो.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. प्रथम ठरवलं की देवांसाठी भिंतीला एक फळी लावावी. निलेश म्हणाला, बारीक ड्रिलने दोन भोकं पाडायला हरकत नाही, इमारत काही पडत नाही. मी कमिटीत विषय काढला. अवधूत चष्मा पुसत म्हणाला, "अप्पा, खिळा हा भिंतीचा अपमान आहे." मी म्हटलं, अरे हे फार ताणलेलं वाक्य आहे. तो म्हणाला, "माझ्या आईचा फोटो चिकट हुकावरून तीनदा पडला, तेव्हा नाही ताणलं?" मग फ्रीजवर देव्हारा ठेवून पाहिला. पण आमचा जुना फ्रीज सुरू होताना असा थरथरतो, की देवांना हिवताप भरल्यासारखं दिसेल.

मग मी सरळ सभेत उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की तो कोनाडा ही दूरदृष्टी नाही, चूक आहे. तो देवांसाठी होता, कल्पना माझ्या पत्नीची होती, आणि बाजू मी उलटी सांगितली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात मोठेपणा! श्रेय बायकोला देतोय माणूस!" टाळ्यांचा असा कडकडाट मी गेटसभेतसुद्धा ऐकला नव्हता. आता तर ए विंगवाले चिडले आहेत. आम्हाला बाथरूममध्ये कोनाडा का नाही, असा त्यांचा सवाल आहे. फलक लागला आहे, 'ए विंगवर अन्याय का?' अक्षरावरून आणि जोरावरून तो फलक माझ्याच तालमीत तयार झालेल्या कोणाचा तरी आहे.

असो. घर छान आहे. उन्हाळ्यात भिंती तापतात, पण भक्कम आहेत. शेजारी कोण भांडतंय काही कळत नाही. आपल्या घरात कोणी बोलत नाही, हे मात्र फार स्पष्ट ऐकू येतं. तुम्ही आणि वहिनी सवडीने घर पाहायला या. माझी काही विनंती नाही, सहज हकीकत कळावी म्हणून लिहिलं. सुभद्रेला वाचून दाखवलीत तरी चालेल, नाही दाखवलीत तरी चालेल. (दाखवा.)

तुमचा, भिंतीसारखा ठाम आणि तूर्त तिच्याइतकाच मुका,
अप्पा

ता. क. : एक राहिलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी इमारतीची सामुदायिक वास्तुशांत आहे. मी विरोधात बोललो होतो, माझ्या बाजूला एक मत पडलं, ते माझं. बहुमत झालं, आणि अध्यक्ष म्हणून पूजेला मलाच बसायचं आहे. गुरुजी म्हणाले, बाई माहेरी असतील तर अडत नाही, त्यांच्या पाटावर सुपारी ठेवू, शास्त्रात सोय आहे. मी त्यांना स्त्रीच्या स्थानावर जे सुनावलं ते सगळ्या जिन्याने ऐकलं. एवढ्या वर्षांचा संसार आणि तिच्या जागी सुपारी? सुपारी कधी माझ्या विरोधात मत देईल का? गुरुजी निघताना म्हणाले, "मग भाषण इथे काय करता, माहीमला जाऊन करा." तर गुरुवारच्या आत सुभद्रेला इकडे धाडता आलं तर पाहावं.

ता. क. दुसरा : ती येणारच नसेल, तर निदान देव तरी पाठवा. पूजेला लागतील. राजसबरोबर, डबा आडवा न करता. (हे तिला वाचून दाखवू नका.)

ता. क. तिसरा : वरचा ताजा कलम खोडणार होतो, पण मी लिहिलेलं खोडत नाही, म्हणून रद्द समजावा. देव तुमच्याकडेच राहू द्या. सुभद्रेला पाठवा. तिला सांगा, गुरुवारची पूजा झाली की तिथेच सभा आहे. दर्शनाबाईंच्या घराशी आमच्या घराची अदलाबदल करावी, असा ठराव आहे. नियम मोडून. सूचक मी. अनुमोदन द्यायला दर्शनाबाई एका पायावर तयार आहेत, पण त्यांना मी थांबवलं आहे. अनुमोदक म्हणून सुभद्रेचं नाव घातलं आहे. इतक्या वर्षांत तिने माझ्या एकाही ठरावाला हात वर केलेला नाही. या वेळी नुसतं येऊन हात वर करायचा आहे.

ता. क. शेवटचा : ती विचारीलच, म्हणून आधीच कळवतो. भाषण करणार नाही. नुसता ठराव वाचीन आणि खाली बसेन. (ठरावाआधी दोन मिनिटांचं प्रास्ताविक असतं. ते भाषणात धरत नाहीत.)